चार नंबरची धून

आमच्या भावोजींनी देवाकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली आणि देवाने ती दिली. कशी दिली ते सांगते. ऐकल्यावर काही मागायच्या आधी चारदा विचार कराल.

भावोजी म्हणजे सामाजी झिराडकर, माझी थोरली बहीण अबिगेल हिचे यजमान. सरकारी कागदावर शमुएल, पण घरात आजोबांचं सामाजी हे नाव लागलं ते लागलंच. मूळचे ठाण्याचे. एका गोवेकर मास्तरांकडे गिटार शिकले आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत बसून वाजवायला लागले. पुढे सॅक्सोफोन, ड्रम, गाणारी बाई; त्यात भावोजींची गिटार ऐकू आली असं कोणी म्हणालं तर ते शपथेवर विचारावं लागेल. स्वभावही तसाच. हा माणूस घरात आहे की नाही ते दाराशी चपला बघून ठरवायचं. ताईच्या लग्नात मी त्यांना म्हणाले, "भावोजी, तुमचा आवाज वाढवायचं बटण कुठे आहे?" ते हसले. त्या हसण्यालाही आवाज नव्हता.

बहात्तर साली आम्ही सगळेच इस्रायलला यायला निघालो. निघण्याआधी अलिबागजवळच्या खंडाळ्याला गेलो. तिथल्या खडकावर प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा आहेत असं आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मानतो. तिथे नवस बोलायचा आणि तो फळला की घरी मलिदा करायचा. ताटात भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, पाच फळं, सब्ज्याची डहाळी, आणि प्रार्थना म्हणायला दहा पुरुष. ताईने मूल मागितलं. मी नोकरी मागितली. भावोजी खडकाकडे बघत म्हणाले, "माझी गिटार एकदा रेडिओवर वाजू दे, मी मलिदा करीन."

ताई तिथेच भडकली. "अहो, परक्या मुलखात चाललोय! डोक्यावर छप्पर मागा."

"छप्पर सरकार देईल," भावोजी म्हणाले. "रेडिओ सरकार देणार नाही."

छप्पर खरंच सरकारने दिलं, आधी दिमोनाला आणि मग अरादला. ताईला दमा होता आणि अराद म्हणजे दमेकऱ्यांचं गाव. वाळवंटातली कोरडी हवा छातीला बरी म्हणून माणसं लांबलांबून तिथे राहायला येतात. त्यांच्याच इमारतीत एक मजला खाली मी घर घेतलं. मला कुपात खोलिमच्या, म्हणजे आरोग्य विम्याच्या, दवाखान्यात खिडकीवर बसायची नोकरी लागली. सात वर्षांनी ताईला मतान झाला. तिने महिन्याच्या आत मलिदा केला, कारण देवाचं देणं लांबवायचं नाही हे आम्हाला आईने शिकवलेलं. राहिला तो भावोजींचाच नवस. भावोजी टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर जायचे, आल्यावर गिटार काढायचे, आणि मी त्यांना विचारायचे, "काय, रेडिओवाल्यांचा फोन?" ते मान हलवायचे. वीस वर्षं मी हा विनोद केला. आता वाटतं, जरा कमी करायला हवा होता.

कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा भावोजी खाली मृत समुद्रावरच्या एका हॉटेलात लागले. गंमत बघा, काम पुन्हा टॉवेलांचंच. तिथे गंधकाच्या पाण्यात बसून, अंगाला काळा चिखल फासून लोक विश्रांतीच्या खोलीत येतात. पांढऱ्या चादरी गुंडाळून वीस मिनिटं पडून राहायचं. भावोजींनी चादरी द्यायच्या, टॉवेल गोळा करायचे. खोलीत बासरी आणि धबधब्याची टेप चालू असे. एक दिवस मशीनने ती टेप गिळली. पाहुणे कुरकुरायला लागले, मॅनेजर मेयर ओरडायला लागला. भावोजींची गिटार त्यांच्या कपाटात होती, जेवणाच्या सुट्टीत प्रॅक्टिस करायला आणलेली. ते टॉवेलांच्या मांडणीमागे स्टूल घेऊन बसले आणि हळूच वाजवायला लागले.

ती त्यांची पद्धत त्यांनी मला एकदा नीट समजावून सांगितली होती. मांडणीच्या फटीतून एका माणसाची चादर बघायची. ती वरखाली होते, त्या श्वासाच्या चालीने सुरुवात करायची. चार मिनिटं त्याच्या मागे मागे जायचं. मग आपण केसभर मंद व्हायचं. माणसाला कळत नाही, पण आता त्याचा श्वास गिटारीच्या मागे यायला लागतो. नखं नेहमी कापलेली, कारण तार अंगठ्याच्या मांसाने वाजवायची, टोचता कामा नये. मी स्टाफच्या पासावर गुडघ्यासाठी म्हणून गेले आणि चक्क घोरले. मला, जिच्यावर झोपेची गोळी चालत नाही तिला, जागं करायला दोन बाया लागल्या.

पंच्याण्णव साली मेयरने बेरशेवाला एका खोलीत त्यांचं रेकॉर्डिंग केलं आणि हॉटेलच्या दुकानात कॅसेट ठेवली. नाव 'रेगिआ', म्हणजे निवांतपणा. आठ धुना होत्या. नावं सुचेनात म्हणून भावोजींनी नुसते नंबर दिले. चार नंबरची सगळ्यांत चांगली. ती अर्ध्यावर येऊन थांबायची. श्वास सोडल्यावर पुन्हा घ्यायच्या आधी जी उसंत असते, तेवढं थांबून मग खालच्या सुरात पुढे जायची.

त्याच हिवाळ्यात एफ्रत नावाची एक बाई पाठदुखीसाठी हॉटेलात आली. ती रेडिओवर कोणती गाणी लावायची ते ठरवायची. वीस मिनिटांनी ती उठली, मांडणीमागे गेली आणि भावोजींना म्हणाली, "ही टेप नाहीये होय?" जाताना कॅसेट घेऊन गेली. भावोजींनी घरी येऊन ताईला सांगितलं, ताईने मला, आणि मी सगळ्या अरादला. दोन महिने आमचे रेडिओ बंद झाले नाहीत.

आता इथली एक गोष्ट सांगायला हवी. या देशात कुठे बसमध्ये स्फोट झाला, किंवा लेबनॉनच्या सीमेवर आपली मुलं मारली गेली, की रेडिओवरची उडती गाणी बंद होतात. जाहिराती बंद. हळू, शांत संगीत सुरू होतं. कोणी काही सांगायच्या आधी ते सुरू होतं. पुष्कळदा बातमी अडवून ठेवलेली असते, घरच्यांना आधी कळावं म्हणून. पण संगीत कोण अडवणार? रेडिओ मवाळ झाला की लोक भाजी चिरता चिरता थांबतात. बाहेरचा पाहुणा म्हणेल, काय शांत देश आहे!

शहाण्णवच्या हिवाळ्याच्या शेवटी, एका सकाळी, दवाखान्यात माझ्या खिडकीमागचा रेडिओ असाच मवाळ झाला. यरुशलेमला काहीतरी झालं होतं. आणि गिटार सुरू झाली. मी दोन सुरांत ओळखली. मला आनंद झाला, हे कबूल करते. मी फोनकडे धावले. समोर बाकावर एक रशियन म्हातारी तोंडावर हात धरून बसली होती, ती मला दिसली तोवर मी नंबर फिरवला होता. ताईने फोन उचलला. धून अर्ध्यावर आली, थांबली, आणि त्या उसंतीत निवेदकाने मेलेल्यांचा आकडा सांगितला.

"ऐकलंस?" ताई म्हणाली.

"ऐकलं."

अभिनंदन दोघींनाही म्हणता आलं नाही. दुसरा अर्धा भाग रेडिओवर लागलाच नाही.

त्यानंतर चार नंबर लागत राहिली. एफ्रतचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. धूनच तशी होती, आणि बातम्यांसाठी तोडायला मध्ये जागा आयती. दर वेळी पहिला अर्धा भाग, मग बातम्या. लवकरच लोकांना ती धून म्हणजे काय ते पाठ झालं. दुकानदार अमोस भावोजींना बघून रेडिओ मोठा करायचा आणि म्हणायचा, "सामाजी, तुझी वाजतेय," आणि दुकानातली माणसं सामान तसंच ठेवून घराकडे निघायची. हॉटेलात भावोजींनी ती सुरू केली तेव्हा एक बाई चादरीसकट उठून बसली आणि रडायला लागली. मेयरने सांगितलं, चार नंबर वाजवायची नाही. थोड्या दिवसांनी सांगितलं, काहीच वाजवायचं नाही. बासरी आणि धबधबा परत आले, भावोजी परत टॉवेलांवर.

आणि नवस? ताई म्हणाली, "वाजली ना रेडिओवर? मलिदा करून टाका."

"अगं, कशाचा मलिदा? लोकांची पोरं मेली म्हणून माझी गिटार वाजली. त्याबद्दल देवाला थँक्यू म्हणू?"

"नवस म्हणजे नवस."

"मी रेडिओवर वाजू दे म्हटलं होतं. असं वाजू दे म्हटलं नव्हतं." मग ते म्हणाले, "ज्या दिवशी काही झालेलं नसेल, अशा साध्या दिवशी ती एकदा वाजू दे. त्या दिवशी करतो मलिदा."

"देवाला अटी घालता?" ताई म्हणाली. ती घाबरली होती. तेव्हा मतान सतरा वर्षांचा होता, आणि इथे सतराव्या वर्षाच्या पुढे काय येतं ते प्रत्येक आई जाणून असते.

सत्त्याण्णवच्या शेवटी मतान, इथल्या सगळ्या पोरांसारखा, सक्तीच्या लष्करी सेवेत गेला आणि पुढच्या वर्षी त्याला लेबनॉनमध्ये पाठवलं. तो परत आला, धडधाकट आला, हे आधीच सांगून टाकते. उगाच तुमचा जीव टांगणीला कशाला? पण तेव्हा आम्हाला हे कुठे ठाऊक होतं? ताईच्या मनाने एक हिशेब मांडला होता आणि तो तिच्या डोक्यातून कोणी काढू शकत नव्हतं. नवस फळला, फेडला नाही, आणि मुलगा सीमेवर. मी तिला म्हणाले, "ताई, देव काय सावकार आहे?" ती म्हणाली, "तुला मूल नाही, तू बोलू नकोस." आमच्यात ते वाक्य पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आलं. मी आठवडाभर वर गेले नाही.

घरात गिटार बंद झाली. कोणतीही धून असो, ताईचा दमा उसळायचा. भावोजी इमारतीच्या मिकलातमध्ये, म्हणजे तळघरातल्या बॉम्बपासून लपायच्या खोलीत, जुन्या गाद्यांच्या ढिगावर बसून प्रॅक्टिस करायचे. माणसाला शांत करणारं वाजवायचं आणि ते लपून वाजवायचं! मतान सुट्टीवर आला की तोही खाली जाऊन गादीवर आडवा व्हायचा. मी एकदा डोकावले. बंदूक पायाशी, बूट तसेच, आणि पोरगा गाढ झोपलेला. भावोजी त्याच्या छातीकडे बघून वाजवत होते. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली, उठवू नकोस म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी मतानला मराठीत विचारलं, "बाबांची धून तिकडे लागते का रे?"

त्याने हिब्रूत उत्तर दिलं, दोदा म्हणजे मावशी, "लागते, दोदा. आम्ही रेडिओ बंद करतो." मग म्हणाला, "अबाला, बाबांना, सांगू नकोस."

भावोजींनी एफ्रतला फोन केला. त्यांच्या हातात कागद होता, काय बोलायचं ते लिहिलेला. मी शेजारी उभी होते. ते म्हणाले, "माझी धून काढून टाक."

ती म्हणाली, "सामाजी, लोक पत्रं लिहितात की त्या दिवशी तेवढीच सोबत होती. काढली तर तिथे दुसरं काय लावू? पोरांची नाचगाणी?"

"मग एकदा साध्या दिवशी लाव. काही झालेलं नसताना."

"साध्या दिवशी गाणारे रांग लावून उभे असतात," एफ्रत म्हणाली. पण बाई मनाने वाईट नव्हती. काही महिन्यांनी, नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत, तिचा आपणहून फोन आला. "उद्या मंगळवार. सकाळी दहानंतर लावते. पूर्ण लावते. काही झालं नाही तर."

आणि इथे आमच्या भावोजींनी आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक केली. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. का, तर ताईने ती अचानक ऐकावी, आणि बघावं की बाहेर ऊन आहे, काही झालेलं नाही, आणि सामाजीची गिटार वाजतेय. त्यांनी रजा घेतली. मंगळवारी दहाला ते स्वयंपाकघरात बसले, ताई मासे साफ करत होती. त्यांनी रेडिओ लावला आणि वाट बघत बसले. कधी नव्हे ते तोंडभर हसू होतं म्हणे.

गिटार सुरू झाली. ताईच्या हातातून सुरी पडली. ती वळली तर नवरा हसतोय. ती ओरडली नाही. तिला ओरडता आलंच नाही, श्वासच आत जाईना. ती मतानच्या खोलीत गेली, त्याच्या पलंगाची चौकट धरली आणि खाली बसली. भावोजी मागून सांगत होते, "अगं, काही झालं नाही, मीच सांगितलं होतं, मीच लावायला सांगितली!" ती ऐकण्याच्या पलीकडे होती.

मी दवाखान्यात होते. तिथेही तेच. ज्यांची पोरं लष्करात अशा तीन आया एकदम माझ्या खिडकीवर आल्या, फोन द्या, फोन द्या. एकीने माझ्या हातातला फोन हिसकावला. तेवढ्यात दुसऱ्या फोनवर भावोजी. त्यांचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा मोठा ऐकला: "मलका, ऑक्सिजन घेऊन ये!" मी आणि नर्स धावत गेलो. इकडे रेडिओवर काय झालं ते नंतर कळलं. देशभरातून इतके फोन आले की धून मध्येच तोडून निवेदकाला सांगावं लागलं, "काहीही घडलेलं नाही, हा साधा संगीताचा कार्यक्रम होता, आम्ही श्रोत्यांची माफी मागतो." म्हणजे साध्या दिवशीसुद्धा अर्धीच लागली. आणि या खेपेला तिच्याबद्दल माफी मागितली गेली.

संध्याकाळी ताईच्या नाकावरून मास्क काढला तेव्हा ती भिंतीकडे बघत म्हणाली, "वाजली ना साध्या दिवशी? तुमची अट पुरी झाली. आता मलिदा करा."

"कोणत्या तोंडाने करू?" भावोजी म्हणाले. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"याच तोंडाने. माझा मुलगा तिकडे आहे, आणि मला आता देवाशी भांडण नको."

भावोजी हो म्हणाले. तिने त्या दिवशी काहीही सांगितलं असतं तरी ते हो म्हणाले असते. पण मला म्हणाले, "मलका, मी दहा माणसांसमोर खोटं थँक्यू म्हणणार आहे. देवाला कळेल ना ते?" मी चेष्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी मलिदा ठरला. पोहे मी भिजवले, खोबरं ताईने किसलं. खजूर, सफरचंद, केळी, संत्री, द्राक्षं. सब्जा बेरशेवाहून मागवला. आमच्याकडे मलिद्याच्या दिवशी घरात मरणाचं नाव काढत नाहीत. असं कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्या आईने काढू दिलं नसतं, आणि ताई तर त्या दिवशी रेडिओची वायरही काढून बसली होती. चार वाजता दहा पुरुष जमले, टोप्या घातल्या, पुस्तकं उघडली. भावोजी ताटासमोर उभे, एखाद्याला वर्गात उभं करावं तसे. आता सुरू करणार, तोच दारावर बेल वाजली.

मी दार उघडलं. पन्नाशीची बाई, डोक्याला रुमाल, हातात कापडी पिशवी. चेहरा उन्हाने लाल. तिने हिब्रूत विचारलं, "गिटार वाजवणारा सामाजी इथेच राहतो? रेडिओवरच्या एफ्रतने पत्ता दिला." हिब्रूत अहोजाहो नसतं, सगळ्यांना एकच तू.

"मीच," भावोजी आतून म्हणाले.

ती दोन पावलं आत आली. "मी ओफ्रा. नेतिवोतहून आले, दोन बस बदलून. मला तुझ्याकडे एकच काम आहे, मग जाते." आणि उभ्या उभ्याच तिने सांगितलं. मागच्या वर्षी जानेवारीत ती कपड्यांना इस्त्री करत होती. रेडिओवर ही धून लागली. छान आहे असं तिला वाटलं, काय झालं असेल याचा विचारही मनात आला नाही. धून मध्येच थांबली आणि त्या थांबण्यात दारावर टकटक झाली. दारात लष्कराची तीन माणसं होती; सैनिकाच्या घरी ती एकच बातमी घेऊन येतात. तेव्हापासून ती धून कधीही लागली की तिचा हात रेडिओ बंद करायचा. मागच्या मंगळवारीही केला. नंतर शेजारणीने सांगितलं, अगं, काही झालंच नव्हतं, उगाच लावली होती.

"मग मला वाटलं," ओफ्रा म्हणाली, "काही झालेलं नव्हतं त्या दिवशी तरी मी ऐकू शकले असते. मला माहीतच नाही तिच्यात पुढे काय आहे. तेरा महिने झाले, मी त्या थांबण्यातच उभी आहे. तू मला पुढची वाजवून दाखव."

तेवढ्यात तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. टोप्या घातलेले दहा पुरुष, उघडी पुस्तकं, ताटात खजूर, फळं, सुवासाची डहाळी. तिने पिशवी खाली ठेवली, रुमाल पुढे ओढला आणि आवाज एकदम खाली आणला. "माफ करा, मला कल्पना नव्हती. कोणाची अझकारा आहे?"

अझकारा म्हणजे वर्षश्राद्ध म्हणा. ही बाई मोरोक्कोकडच्या घरातली. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाच्या दिवशी असंच ताट मांडतात, असेच एकेका फळावर आशीर्वाद म्हणतात, अशीच सुवासाची पानं हुंगतात, म्हणजे त्या आत्म्याला पुण्य लागतं. आमचं आभाराचं ताट आणि त्यांचं शोकाचं ताट, फरक एवढाच की त्यांच्यात पोहे नाहीत.

मी ताईकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या मुलासाठी मांडलेलं ताट, मुलगा जिवंत, सीमेवर, आणि या बाईने दारातून येऊन घरात नेमका तोच शब्द उच्चारला होता. मला वाटलं, आता ताई हिला बाहेर काढते. काढली असती तरी मी तिला दोष दिला नसता. भावोजींनी तोंड उघडलं, पण त्यांचा आवाज, तो तर आधीच एवढासा.

ताई उठली. टेबलाला वळसा घालून ओफ्रासमोर गेली आणि आपल्या मोडक्या हिब्रूत म्हणाली, "तुझ्याच मुलाची आहे. नाव काय त्याचं?"

"शाय," ओफ्रा म्हणाली.

"शाय," ताई पुरुषांकडे वळून म्हणाली. "ऐकलंत ना? त्याचं नाव घेऊन म्हणा."

आणि त्यांनी म्हटलं. खजुरावर म्हटलं, केळ्यावर म्हटलं, सब्ज्यावर म्हटलं. दर आशीर्वादाला ओफ्रा मोठ्याने आमेन म्हणत होती आणि ताई तिचा दंड धरून उभी होती. शेवटपर्यंत तिने हात सोडला नाही. भावोजींचा नवस फिटला की बुडाला ते मला विचारू नका. खोटं थँक्यू मात्र त्यांना म्हणावं लागलं नाही.

मग ताई त्यांना म्हणाली, "अहो, गिटार आणा वर." मिकलातमधून वर, एवढ्या महिन्यांनी.

भावोजी स्टुलावर बसले. ओफ्राला ताईने समोर खुर्चीत बसवलं. त्यांनी थोडा वेळ नुसतं तिच्या खांद्यांकडे बघितलं, वरखाली होतात कसे, आणि मग सुरुवात केली. पहिला भाग आम्हा सगळ्यांना पाठ होता. धून थांबली. ओफ्राने खुर्चीची कड धरली. सवयीने आम्ही सगळेच बातम्यांची वाट बघत राहिलो. बातम्या आल्या नाहीत. भावोजींचा अंगठा खालच्या तारेवर गेला आणि धून पुढे निघाली.

पुढचा भाग दीड मिनिटाचा होता. शेवटचा सूर विरल्यावर ओफ्राने खुर्चीची कड सोडली.

"एवढीच राहिली होती?" तिने विचारलं.

"एवढीच," भावोजी म्हणाले.

"मला वाटलं होतं, पुष्कळ असेल."